हात उचलला नाही तरी केस होते: लग्नातल्या मानसिक छळावर कायद्याने काय करता येतं, पायरी-पायरीने

"मारत तर नाही ना तो? मग कसली केस करतेस?" हे बाईला माहेरचे ऐकवतात, शेजारच्या काकू ऐकवतात आणि कधीकधी पोलीस स्टेशनला ठाणे अंमलदार पण ऐकवतो. तर सगळ्यात आधी हेच क्लिअर करून टाकू. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ३ मध्ये हिंसाचाराचे चार प्रकार सरळ लिहिलेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. शाब्दिक-भावनिक हा स्वतंत्र प्रकार आहे, त्याला मारहाणीची जोड लागत नाही. अपमान, टिंगल, घालूनपाडून बोलणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे, तुमच्या जवळच्या माणसाला इजा करीन अशी पुन्हा पुन्हा धमकी, हे सगळं त्यात नावानिशी आहे. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने परस्पर विकणं हे आर्थिक हिंसाचारात येतं आणि खरं सांगायचं तर हे दोन्ही बहुतेक घरात हातात हात घालूनच चालतात.

म्हणजे कायदा आहे. अडचण वेगळीच आहे. गालावरचा वळ डॉक्टरला दिसतो, बोलण्याचा वळ कोर्टाला दाखवावा लागतो, आणि तो दाखवायची तयारी बाई घरात असतानाच करावी लागते, घर सोडल्यावर नाही. म्हणून खाली कलमांपेक्षा तयारीवर जास्त लिहिलंय.

पायरी १: तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा

बहुतेक जणी वकिलाकडे जाऊन पहिला प्रश्न विचारतात की कुठलं कलम लावू. उलटं करा. एका कागदावर लिहा: मला त्याच घरात राहायचंय पण त्रास थांबवायचाय? मला वेगळं राहायचंय आणि खर्च हवाय? मला मोकळं व्हायचंय? की त्याला शिक्षा व्हायला हवी?

कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. घरात राहून त्रास थांबवायचा असेल किंवा राहायची सोय आणि पैसे हवे असतील तर डीव्हीची (डोमेस्टिक व्हायोलन्स) केस, म्हणजे वर सांगितलेल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची. फक्त पोटगी हवी असेल तर बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४, म्हणजे पूर्वीचं सीआरपीसी १२५. मोकळं व्हायचं असेल तर फॅमिली कोर्टात घटस्फोट. आणि शिक्षा हवी असेल तर पूर्वीचं आयपीसी ४९८अ, म्हणजे नवरा-सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा गुन्हा, जे १ जुलै २०२४ पासून बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलंय. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र पण करता येतात, पण रागाच्या भरात सगळंच एका आठवड्यात दाखल केलं की पुढची काही वर्षं तुम्ही फक्त तारखांना हजर राहता, हे पण लक्षात घ्या.

माझं मत विचाराल तर निव्वळ मानसिक छळ असेल तिथे पहिली केस डीव्हीची. ती गुन्हा सिद्ध करायची केस नाही, संरक्षण मागायची केस आहे, त्यामुळे पुराव्याचं ओझं फौजदारीइतकं जड नसतं आणि हातात प्रत्यक्ष काहीतरी पडतं: आदेश, पैसे, घर.

पायरी २: लिहायला आजपासून सुरुवात करा

ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी आणि सगळ्यात महत्त्वाची. केस कमकुवत होते ती बहुतेक वेळा इथेच. अर्जात लिहिलेलं असतं, "सामनेवाला हा अर्जदार हिस नेहमी घालूनपाडून बोलत असे व मानसिक त्रास देत असे." यावर समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो, नेमकं काय बोलले, कधी बोलले, कोणासमोर? आणि बाई गप्प होते, कारण पाच वर्षांत इतकं झालेलं असतं की एक पण तारीख आठवत नाही.

तेच असं लिहिलेलं बघा: "संक्रांतीचं हळदीकुंकू, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, आमच्या हॉलमध्ये. सासूबाईंच्या मैत्रिणी आणि माझी जाऊ हजर. मी वाण द्यायला पुढे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'तू राहू दे, वांझेच्या हातचं वाण नको.' मिस्टर दारात उभे होते, हसले. रात्री मी विषय काढला तर म्हणाले, 'खरं तेच बोलली आई, झोंबलं का?' मी ताईला रात्री मेसेज केला." यात दिवस-वेळ आहे, जागा आहे, शब्द आहेत, साक्षीदार आहेत आणि त्याच रात्रीचा मेसेज आहे. असे पंधरा-वीस प्रसंग एका बाजूला आणि "नेहमी त्रास देतात" दुसऱ्या बाजूला, फरक तुम्हालाच कळेल.

लिहिताना त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असेल तर शिवी लिहा, लाजू नका. तुम्हाला काय वाटलं ते एका ओळीत पुरे, पण झालं काय हे पूर्ण. झोप उडाली, जेवण गेलं नाही, ऑफिसला दांडी झाली तर ते पण लिहा. आणि वाढवून अजिबात लिहू नका, एक खोटा प्रसंग सापडला की बाकीच्या खऱ्या प्रसंगांवरचा पण विश्वास जातो. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर स्वतःलाच ईमेल करा, पण नवीन अकाउंटवरून, ज्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही. ईमेलला तारीख आपोआप लागते हा वरचा फायदा. जुने प्रसंग तारखेने आठवत नसतील तर सणांवरून, मुलांच्या परीक्षांवरून, कोणाच्या लग्नावरून लावा, "२०२२ च्या गणपतीत" एवढं पण चालतं.

पायरी ३: चॅट, रेकॉर्डिंग आणि डॉक्टरचे कागद

व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, कितीही घाण वाटलं तरी. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, नुसते निवडक स्क्रीनशॉट नको, कारण समोरचा म्हणणार की मागचं-पुढचं कापलं. ज्या फोनवर मेसेज आलेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, जुन्या लोकांना ते ६५ब म्हणून माहीत आहे. ते वकील करून देतात, पण मूळ फोन हातात नसेल तर त्यांची पण पंचाईत होते.

कॉल रेकॉर्डिंगचं काय? इथे जुलै २०२५ मध्ये मोठा निकाल आलाय. विभोर गर्ग विरुद्ध नेहा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवरा-बायकोतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं, प्रायव्हसीच्या नावाखाली ते सरसकट नाकारता येणार नाही. त्याआधी पंजाब-हरियाणा हायकोर्टाने उलट म्हटलं होतं. पण याचा अर्थ त्याच्या फोनमध्ये ॲप टाकून हेरगिरी करा असा नाही हां, ते केलंत तर तुमच्यावरच आयटी ॲक्टखाली उलटेल. स्वतः ज्या बोलण्यात आहात ते आपल्या फोनवर रेकॉर्ड करणं एवढंच.

डॉक्टरचे कागद लोक विसरतात. झोप येत नाही, छातीत धडधडतं, सारखं रडू येतं म्हणून फॅमिली डॉक्टरकडे गेलात तर त्यांना खरं कारण सांगा आणि केसपेपरवर ते लिहायला सांगा. "ॲसिडिटी" लिहिलेल्या कागदाचा काही उपयोग नाही, "पतीकडून सततच्या मानसिक त्रासामुळे निद्रानाश असे रुग्णाने सांगितले" अशी एक ओळ फार कामाची. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला बऱ्याच जणी घाबरतात की नवरा कोर्टात वेडी ठरवेल. असा प्रयत्न होतो, खोटं कशाला सांगू. पण त्रासामुळे उपचार घेतले हे नीट नोंदवलेलं असेल तर तो कागद तुमच्याच बाजूने बोलतो, शिवाय तुम्हाला बरं पण वाटायला हवं की नाही. जीव नकोसा होतोय असं वाटत असेल तर केस-बिस बाजूला ठेवा, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि एका तरी जवळच्या माणसाला आजच सांगा.

पायरी ४: फोन आणि कागद सुरक्षित करा

व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, त्याच्या लॅपटॉपवर तुमचं चॅट चालू असेल तर तुमची तयारी पहिल्या दिवसापासून त्याला माहीत असते. लोकेशन शेअरिंग, गूगलचा पासवर्ड, बँकेच्या ओटीपीचा नंबर हे पण बघून घ्या.

कागदांचे फोटो काढून बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे पाठवून ठेवा: लग्नाचं सर्टिफिकेट, नसेल तर पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले दागिने अंगावर दिसतील असे फोटो. त्याच्या उत्पन्नाचं जे मिळेल ते, सॅलरी स्लिप, रिटर्न, एलआयसी, गाडीचं आरसी. शेती असेल तर सातबारा महाभूलेखवर घरबसल्या बघता येतो, गट नंबर माहीत असेल तर सोपं जातं. पोटगीच्या वेळी "मला काय उत्पन्न, बापाची जमीन आहे" हे हमखास ऐकायला मिळणार, तेव्हा हा सातबारा काढायचा.

पायरी ५: पहिलं दार कुठलं ठोठवायचं

तातडीचं असेल तर ११२. सल्ला आणि मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, वकिलाचा सल्ला एका जागी मिळतो. महाराष्ट्रात पोलिसांसोबत काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, मुंबई पोलिसांबरोबर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने हे १९८४ मध्ये सुरू केलं आणि मग राज्यभर पसरलं. तिथे पोलीस नसतात, प्रशिक्षित सोशल वर्कर असतात, त्यामुळे बोलायला सोपं जातं. नागपुरातून २०१७ मध्ये सुरू झालेला पोलिसांचा भरोसा सेल आता बऱ्याच शहरांत आहे. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधून सुरू झालेलं दिलासा केंद्र आहे, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी हॉस्पिटलमध्येच, ओपीडीला जातेय सांगून जाता येतं, घरात संशय येत नाही.

पण डीव्हीच्या केससाठी खरं महत्त्वाचं माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. महिला व बालविकास विभागाचे असतात. कुठे बसतात ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा कोर्टात विचारा. ते डीआयआर भरतात, म्हणजे घडलेल्या घटनांचा सरकारी अहवाल, फॉर्म नंबर १. त्या फॉर्ममध्ये शाब्दिक-भावनिक छळाच्या रकान्यात चारित्र्यावर संशय, हुंडा आणला नाही म्हणून अपमान, मूल नाही म्हणून टोमणे, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, ठरावीक माणसाला भेटू न देणं अशी यादीच छापलेली आहे. भरताना घाईत एक-दोन टिकमार्क करून सही करू नका, तुमची पायरी २ ची वही घेऊन जा आणि तारखा टाकायला लावा. संरक्षण अधिकारी भेटत नाहीत, सुट्टीवर आहेत, चार्ज दुसऱ्याकडे आहे, असं झालं तर अडून राहू नका, प्रभा त्यागी केसमध्ये २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डीआयआर नसला तरी मॅजिस्ट्रेट आदेश देऊ शकतात. वकिलामार्फत थेट अर्ज करता येतो.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही, तुम्ही नोकरी करत असलात तरी. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, किंवा १५१०० ला फोन. आणि महाराष्ट्रात पोटगी, हिंसाचार, घटस्फोट अशा केसेसमध्ये बायकांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे, कोणी फीच्या नावाने पैसे मागितले तर पावती मागा.

पोलीस स्टेशनला गेलात तर बऱ्याचदा एनसी घेतात, म्हणजे अदखलपात्र नोंद. एनसीवर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत, त्यामुळे तिचा लगेच उपयोग दिसत नाही, पण त्या तारखेला तुम्ही तक्रार केली होती हे त्यातून सिद्ध होतं. कॉपी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

पायरी ६: डीव्हीचा अर्ज, आणि त्यात काय मागायचं

अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेट कोर्टात. लग्न कुठे झालं, सासर कुठे आहे याने फरक पडत नाही, तुम्ही आत्ता जिथे राहताय, तात्पुरत्या का होईना, तिथल्या कोर्टात करता येतो. म्हणजे सासर नाशिकला आणि तुम्ही साताऱ्याला माहेरी असाल तर साताऱ्यात. आणि "वर्ष उलटून गेलं, आता होत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, कामाची विरुद्ध लक्ष्मी नारायणन या केसमध्ये २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कलम १२ च्या अर्जाला ती एक वर्षाची मुदत लागू नाही.

सामनेवाले म्हणून नवऱ्यासोबत सासू-नणंदेला पण घेता येतं, २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर "प्रौढ पुरुष" ही अट गेली. पण घेता येतं म्हणजे घ्यायलाच हवं असं नाही. दुबईला राहणारी नणंद आणि अंथरुणाला खिळलेले आजेसासरे यांची नावं घातली की केसचा जोर वाढत नाही, कमी होतो, शिवाय सगळ्यांना नोटीस लागेपर्यंत महिने जातात.

मागायचं काय? इथे कंजुषी नको. कलम १८ मध्ये संरक्षण आदेश: शिवीगाळ, धमकी बंद, ऑफिसला येऊन तमाशा करायचा नाही, फोन-मेसेज करायचे नाहीत, जॉइंट अकाउंट आणि लॉकर परस्पर हाताळायचं नाही, हे सगळं त्यात बसतं. कलम १९ मध्ये राहण्याचा आदेश: घराबाहेर काढायचं नाही, किंवा तशाच दर्जाचं दुसरं घर नाहीतर भाडं द्यायचं. सासरे म्हणतात घर माझ्या नावावर आहे, सुनेचा काय संबंध? २०२० च्या सतीश आहुजा निकालाने हे उत्तर बदललंय, सासऱ्यांच्या नावावरचं घर पण सामायिक घर, म्हणजे सुनेला राहायचा हक्क मागता येईल असं घर, असू शकतं. नवऱ्याला त्या घरातून बाहेर जायला सांगणारा आदेश मिळू शकतो, पण सासूला किंवा कुठल्याही बाईला घरातून काढायचा आदेश या कायद्यात देता येत नाही, तेवढं डोक्यात ठेवा. स्त्रीधन परत मागायचं पण इथेच.

कलम २० मध्ये दरमहा खर्च, औषधपाणी, मुलांचं शिक्षण. कलम २१ मध्ये मुलांचा तात्पुरता ताबा. आणि कलम २२, जे बरेच वकील पण अर्जात एका ओळीत उरकतात: नुकसानभरपाई, आणि त्या कलमात मानसिक छळ आणि भावनिक त्रास हे शब्द स्पष्ट आहेत. तुमची केसच मानसिक छळाची आहे, तर हे कलम नीट, प्रसंगांचा हवाला देऊन, रक्कम लिहून मागा.

सोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज, म्हणजे केस चालू असतानाच तात्पुरता आदेश मागणारा, शपथपत्रासह, त्याच दिवशी. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात मूळ केस लांबते, म्हणून अंतरिम अर्ज हाच तुमचा श्वास आहे, तो केल्याशिवाय अर्ज दाखल करू देऊ नका वकिलाला. तातडीचं असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश पण होऊ शकतो.

पायरी ७: दाखल झाल्यावर

नोटीस लागली की दोनपैकी एक होतं. एक तर घरचे पंधरा जण माहेरी येतात मिटवायला, नाहीतर "नांदायला या" अशी वकिलाची नोटीस येते. या नोटिशीला घाबरू नका, पण उत्तर न देता पण सोडू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या की कुठल्या कारणाने घर सोडलं, नाहीतर पुढे पोटगीच्या वेळी "विनाकारण सोडून गेली" म्हणून हाच कागद तुमच्यासमोर येतो.

मिटवायचं असेल तर मिटवा, त्यात कमीपणा नाही. फक्त तोंडी नको. कोर्टाच्या समुपदेशनात किंवा मध्यस्थीत काय ठरलं ते लेखी, सह्यांसकट, आणि केस लगेच मागे घ्यायची नाही, काही महिने चालू ठेवून बघायचं.

खर्चाच्या अर्जात दोघांनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असतं, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून हे सक्तीचं झालंय, आणि खर्च अर्जाच्या तारखेपासून मिळायला हवा हे पण त्यातच आहे. तुमच्या शपथपत्रात स्वतःचा पगार लपवू नका, पकडलं गेलं की संपलं. नोकरी आहे म्हणून खर्च मिळतच नाही असं नाही, रक्कम कमी-जास्त होते.

४९८अ म्हणजे आताचं कलम ८५ कधी करायचं

यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण पातळी उंच आहे: बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं, किंवा हुंड्या-पैशासाठी छळ. रोजचे टोमणे आहेत पण यात बसत नाहीत अशी खूप प्रकरणं असतात, ती डीव्हीत उत्तम बसतात. करायची असेल तर माहेरच्या गावी पण करता येते, रूपाली देवी निकाल, २०१९. शेवटच्या घटनेपासून तीन वर्षांची मुदत धरून चाला. अटक लगेच होईल असं गृहीत धरू नका, २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलीस आधी नोटीस देतात. आणि परत तेच, सगळ्या खानदानाची नावं टाकू नका, डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मोघम आरोपांची अशी केस रद्दच केली.

मोकळं व्हायचं असेल तर

हिंदू विवाह कायद्यात कलम १३(१)(आय-ए) म्हणजे क्रूरता, आणि मानसिक क्रूरता त्यात येते हे आता वादाच्या पलीकडे आहे. २००७ च्या समर घोष निकालात कोर्टाने उदाहरणांची यादी दिलीय, आणि त्यातच बजावलंय की संसारातली नेहमीची कुरबुर पुरेशी नाही, सगळा संसार एकत्र बघायचा. लग्नाला वर्ष झालं नसेल तर सहसा घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही, डीव्हीला मात्र ही अट नाही.

आपल्याकडची एक केस इथे सांगायलाच हवी, दास्ताने विरुद्ध दास्ताने, पुण्याच्या कोर्टात सुरू झालेली आणि १९७५ ला सुप्रीम कोर्टात संपलेली. त्यात तक्रार नवऱ्याची होती. कोर्टाने बायकोचं वागणं क्रूर होतं हे मानलं, पुरावा फौजदारीसारखा शंकेच्या पलीकडे लागत नाही, जास्त शक्यता कुठली एवढं बघायचं हे पण ठरवलं, आणि तरी नवरा हरला, कारण सगळं झाल्यावर पण दोघं नवरा-बायको म्हणून राहत होते, म्हणजे त्याने ते माफ केलं असं धरलं. घटस्फोटाचा विचार असेल आणि मध्येच परत नांदायला जात असाल तर हे माहीत असू द्या. तोच निकाल हे पण म्हणतो की माफी अटीवर असते, पुन्हा त्रास झाला तर जुनं उकरता येतं, म्हणून परत जाताना काय ठरलं ते लेखी आणि वही चालूच.

मुस्लिम बायकांसाठी १९३९ चा कायदा आहे आणि त्यात शारीरिक इजा नसली तरी वागण्याने जगणं असह्य करणं हे कारण स्पष्ट लिहिलंय. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम २७, ख्रिश्चन असाल तर १८६९ च्या कायद्याचं कलम १०. गोव्यात घटस्फोटाचा कायदा पोर्तुगीज काळातला वेगळा, पण डीव्ही तिथे पण चालतो, धर्म कुठला का असेना.

स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. ज्या समाजात तशी रूढी सिद्ध होते तेवढा अपवाद सोडला तर कोर्टाचा हुकूमनामा लागतोच. कोऱ्या स्टॅम्पवर सही तर कोणी देव जरी आला तरी करू नका.

नवऱ्याचा छळ होत असेल तर

डीव्ही कायदा फक्त बायकांसाठी आहे, हे आहे ते आहे. पण क्रूरतेवर घटस्फोट नवऱ्याला पण मिळतो, २०१३ च्या श्रीनिवास राव निकालात खोट्या तक्रारी करणं ही पण मानसिक क्रूरता धरलीय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली कमाई नसलेला नवरा पण खर्च मागू शकतो. वही, चॅट, डॉक्टर, सगळ्या पायऱ्या त्यांना पण तशाच लागू.

परदेशात असाल तर

तिथला कायदा आधी बघा. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून जोडीदारावर सतत कंट्रोल ठेवणं, दहशतीत ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पासपोर्ट नवऱ्याकडे असेल तर निदान त्याचा आणि व्हिसाचा फोटो कुणाकडे तरी पाठवून ठेवा. सुट्टीला आणून माहेरी सोडून गेला असेल तर इथे, माहेरच्या कोर्टात डीव्ही करता येतो.

आदेश हातात आल्यावर

कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत फुकट मिळते आणि पोलीस स्टेशनला पण पाठवायची असते. पाठवली असेल असं धरून बसू नका, स्वतः जाऊन प्रत द्या आणि पोच घ्या, एक फोटो फोनमध्ये. संरक्षण आदेश मोडला तर तो कलम ३१ खाली गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे इथे एनसीवर बोळवण होऊ देऊ नका, कलम ३१-३२ असं सांगून तक्रार लिहून घ्यायला लावा.

पैसे थकवले तर नवऱ्याच्या कंपनीलाच पगारातून कापून द्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात, कलम २०(६), तो मागा. कलम १४४ ची पोटगी असेल तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा, नंतर ती हातातून जाते. आदेश पटला नाही, रक्कम कमी वाटली, तर डीव्हीच्या आदेशावर सेशन्स कोर्टात अपील, मुदत ३० दिवस, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.